घारबाई आणि टकळी

गोदीतल्या सगळ्यात उंच क्रेनवर बसणाऱ्या बाईंना लोक घार म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा मोठ्या साहेबांनीच भर सभेत तसं म्हटल्यावर त्या नावाला मान म्हणून 'बाई' जोडलं गेलं. नाव काही वाईट नव्हतं. आठ-दहा मजल्यांच्या उंचीवर काचेच्या डबीत बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं, आणि जहाजावरचा घराएवढा कंटेनर उचलून ट्रेलरच्या पाठीवर असा अलगद ठेवायचा की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळू नये. घारबाईंनी जन्मभर हेच केलं. या कामात बोलावं लागत नाही. खाली उभा असलेला इशारेवाला हात वर करतो, मूठ मिटतो, बोट फिरवतो; वॉकीटॉकीवर फार तर 'हळू', 'थांब', 'सोड'. त्यामुळे घारबाई मुळात अबोल होत्या की कामाने अबोल झाल्या, हे त्यांच्या नवऱ्यालाही सांगता आलं नसतं.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. कापडाला त्याची कात्री झरझर लागायची, पण स्वतःच्या जिभेला कधी लागली नाही. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता तो त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलेला असायचा. "आमच्या घरात बोलणं दोघांत मिळून एकाच्याच वाटणीचं आलंय," तो सांगायचा, "हिला नको होतं, म्हणून सगळं मी घेतलं." संसार झकास चालला होता.

मग घारबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, शिडी चढवेना, आणि त्या निवृत्त झाल्या. पहिले काही दिवस बरे गेले. नंतर घरातलं सामान हलायला लागलं. आज कपाट या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. शिवणयंत्र खिडकीशी, तिथून दाराशी, पुन्हा खिडकीशी. हलवायचं शिंप्याने, आणि घारबाई उंबरठ्यात उभ्या राहून हाताने दाखवणार: जरा डावीकडे, अजून, थांब, सोड.

"अगं, मी नवरा आहे, ट्रेलर नाही," शिंपी एक दिवस कंबर धरून म्हणाला.

घारबाईंनी तर्जनी फिरवली. म्हणजे: अजून थोडं उजवीकडे.

त्याच आठवड्यात दुकानात एक ताई कोट आखूड करून घ्यायला आल्या. गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर त्या तरुणांसाठी केंद्र चालवायच्या. शिंप्याने माप घेता घेता त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. केंद्रात तरुण मुली येतात. ज्यांच्या समाजाची माणसं या शहरात मूठभर आहेत, अशीही मुलं-मुली येतात. हुशार असतात, हातपाय मारायची तयारी असते, पण कुठलं दार ठोठावायचं ते सांगणारं घरात कुणी नसतं. अशा एकेकाला आठवड्यातून तासभर भेटेल, असं कामाच्या जगात मुरलेलं माणूस ताई शोधत होत्या. पैसे मिळणार नव्हते. फुकटचा चहा होता.

"मग घ्या की हिला," शिंपी तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाला. "गोदीत सगळ्या पुरुषांत एकटी बाई होती ही. क्रेन चालवायची."

ताई गर्रकन वळल्या. कोटाची अर्धी टाचलेली बाही त्यांच्या हातावर लोंबत होती. "खरंच? तुम्ही मार्गदर्शक व्हाल?"

घारबाई घाबरल्या. वादळी वाऱ्यात कधी घाबरल्या नव्हत्या एवढ्या. "मी काय बोलणार?"

"काहीही बोला."

"तेच तर."

"हो म्हण," शिंपी कळवळून म्हणाला. त्याला कपाट दिसत होतं.

घारबाई हो म्हणाल्या.

नव्या मार्गदर्शकांना आधी शिकवणी होती. एक परिचारिका, एक बँकवाले, एक औषधांच्या दुकानाचे मालक आणि घारबाई अशी मंडळी गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसली. मनमोकळा संवाद कसा साधावा, हे ताईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. मग जोड्या पाडल्या आणि एकमेकांना मनातलं विचारायला सांगितलं. औषधवाल्यांनी घारबाईंना विचारलं, "तुम्हाला आज कसं वाटतंय?"

"बरं," घारबाई म्हणाल्या.

औषधवाले वाट बघत राहिले. घारबाईही राहिल्या. शेवटी ते शांत बसणं औषधवाल्यांना सोसेना आणि त्यांनी आपल्या भावाशी गेली कित्येक वर्षं अबोला असल्याचं सांगून टाकलं. शिकवणी संपली तेव्हा ते डोळे पुसत होते आणि घारबाईंना वाटत होतं, आपण नापास झालो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या वाट्याची मुलगी आली ती बोलतच आली. जिन्यात कुणाशी तरी बोलत होती, दार उघडताना दाराशी बोलली, आणि खुर्चीत बसायच्या आत तिने घारबाईंना सांगितलं होतं की वाचनालयातली मांजर गाभण आहे, जिन्याची तिसरी पायरी हलते आणि तिला स्वतःला घरी टकळी म्हणतात. "म्हणजे आमच्या भाषेत वेगळा शब्द आहे, पण अर्थ तोच. तोंड बंद नसतं ना! मॅडम, तुम्ही खरंच क्रेन चालवायचा? पडायची भीती नाही वाटायची? मला तर स्टुलावर पण वाटते. आई म्हणते, तू मेल्यावरही तोंड चालू राहील. ती लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करते. बाबा गोदामात ओझी उचलतात. आम्ही कालव्यापलीकडे राहतो."

शेवटचं वाक्य तिने जरा भरभर म्हटलं. कालव्यापलीकडच्या वस्तीत तिच्या समाजाची माणसं राहायची. तिच्या आजोबांच्या वेळी ती दूरच्या किनाऱ्यावरून इथे आली. त्यांची भाषा निराळी, प्रार्थना निराळी, आणि इतकी वर्षं झाली तरी शहरातले लोक 'कालव्यापलीकडचे' म्हणून नाक मुरडायचे.

तास संपला. घारबाईंनी त्यात 'ये', 'हं', 'मग?' आणि 'चहा घे' एवढंच म्हटलं होतं. त्या घरी आल्या त्या पडेल चेहऱ्याने. "पोरगी चांगली आहे. माझ्याकडून काही झालं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोट न्यायला ताई आल्या आणि आल्या आल्याच म्हणाल्या, "अहो, काय जादू केलीत? ती पोरगी सांगत होती, आजवर तिच्याशी इतकं छान कुणीच बोललं नव्हतं!"

शिंप्याला असा ठसका लागला की ताईंनीच त्याला पाणी दिलं.

असे आठवडे जात राहिले. 'मॅडम'ची 'मावशी' झाली. टकळी बोलायची, घारबाई ऐकायच्या. पण त्या नुसत्या ऐकत नव्हत्या. क्रेनवर नवा माणूस कंटेनरच्या डब्याकडे बघत बसतो. मुरलेला माणूस दोराकडे बघतो, कारण ताण तिथे दिसतो. घारबाई दोर बघत होत्या. टकळीने केस कापायचा वर्ग अर्ध्यात सोडला होता, केक करायचा सोडला होता, कम्प्युटरचाही सोडला होता, आणि प्रत्येकाची तिच्याकडे एक हसण्यासारखी गोष्ट होती. "केस कापायच्या वर्गात ना मावशी, मी राहते कुठे ते कळलं की बायका खुर्चीतून उठूनच जायच्या! मी कात्री घेऊन मागे पळायची!" आणि ती खदखदून हसली. घारबाई हसल्या नाहीत. पोरगी जिथे दुखतं तिथेच हसते, हे त्यांनी मनाशी टिपून ठेवलं.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय?"

टकळीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "असं कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "सगळे विचारतात, तुला काय जमेल."

"मग?"

"माहीत नाही, मावशी."

घारबाईंना एवढं उत्तर पुरे झालं. पुढच्या वेळी त्यांनी तिला केंद्रात न बसवता गोदीत नेलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने घारबाईंना बघून कडक सलाम ठोकला, तेव्हा टकळीची छाती उगाच फुगली. आत ती नुसती भिरभिर बघत होती: रंगीत डब्यांच्या भिंती, ट्रेलरच्या रांगा, डोक्यावरून तरंगत जाणारे कंटेनर. घारबाईंची जुनी क्रेन दुरुस्तीसाठी थांबवली होती. त्यांनी वर बोट दाखवलं. "चढतेस?"

"हो!" टकळी म्हणाली, कारण नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

पहिला टप्पा ती बोलत चढली. दुसऱ्या टप्प्यावर बोलणं तुटक झालं. तिसऱ्यावर तिने एकदा खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. घारबाई गुडघे विसरून तिच्या मागोमाग होत्या.

"मावशी," वरून बारीक आवाज आला, "मी आता इथेच राहते. जेवण तेवढं वर पाठवा."

"उजवा पाय," घारबाई म्हणाल्या. "खाली. आता डावा. हळू."

एकेक पायरी करत दोघी जमिनीवर आल्या. "झालं," ती म्हणाली. "हेही जमणार नाही. लिहून घ्या."

"पाणी पी," घारबाई म्हणाल्या, आणि पाण्यासाठी तिला कंट्रोल रूममध्ये घेऊन गेल्या.

कंट्रोल रूम म्हणजे गोदीच्या मधोमध असलेली काचेची खोली. कुठला ट्रेलर कुठल्या रांगेत जाईल, हे तिथे बसलेली माणसं वॉकीटॉकीवरून ड्रायव्हरांना सांगत असतात. खोलीचा प्रमुख म्हणजे सगळ्यांचा दादा, गोल पोटाचा आणि गोल चेहऱ्याचा हसरा माणूस. त्या दिवशी मात्र तो हसत नव्हता. एक ड्रायव्हर भलत्याच गल्लीत शिरून अडकला होता, त्याच्यामागे ट्रेलरची माळ लागली होती, आणि तो वॉकीटॉकीवर कुणालाच न कळणाऱ्या भाषेत तणतणत होता. खोलीतले दोघे त्याला तेच तेच सांगत होते, दर वेळी अधिक हळू आणि अधिक मोठ्याने.

टकळी पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होती. "अहो," ती न राहवून म्हणाली, "त्याला सात नंबरला जायला सांगितलंय आणि तिथल्या फाटकाला कुलूप आहे, असं म्हणतोय तो. आणि तुम्हाला... जाऊ दे, बाकीचं मी सांगत नाही."

दादाने तिच्याकडे बघितलं, घारबाईंकडे बघितलं आणि सरळ वॉकीटॉकी तिच्या हातात दिला. मग काय! टकळीने त्या ड्रायव्हरचं गाव विचारलं, गाव निघालं तिच्या आत्याच्या शेजारचं, मग आत्याची ओळख निघाली, मग सकाळपासून काही खाल्लंय का ते विचारून झालं, आणि बोलता बोलता त्याला मागे, डावीकडे, पुन्हा मागे घेत तिने गल्लीतून बाहेर काढलं. मागची माळ हलली. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या वॉकीटॉकीवरून विचारू लागले, ही कोण, आणि आम्हाला का कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही!

"काम झालं," दादा घाम पुसत म्हणाला. "पण पोरी, एवढ्या वेळात माझे वीस ट्रेलर निघतात."

टकळीला ते ऐकूच गेलं नव्हतं. ती काचेतून हलणाऱ्या रांगांकडे बघत होती. "मावशी," ती म्हणाली, "हे. हे हवंय मला."

दादाने सांगितलं की लवकरच या कामासाठी उमेदवार घेणार आहेत. दोन-तीन भाषा येणारं माणूस त्यांना हवंच होतं. परीक्षा असते, मग मुलाखत. आणि एक अट आहे, तो बोट वर करून म्हणाला: वॉकीटॉकीवर आटोपशीर बोलता आलं पाहिजे.

घारबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला शिकवण्यासारखं काही आपल्यापाशी आहे असं मानलं. सराव शिंप्याच्या दुकानात सुरू झाला. कापडाची ठाणं म्हणजे कंटेनर, टेबलांच्या मधल्या वाटा म्हणजे गल्ल्या, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्यावर ठाण घेऊन फिरणारा ट्रेलर म्हणजे अर्थातच शिंपी.

"काका, आता जरा तुमच्या उजव्या हाताला वळा, म्हणजे ज्या हाताने तुम्ही कात्री धरता त्या, आणि सांभाळून हं, कारण तिथे..."

धाडकन स्टूल पडलं.

"मेला ट्रेलर," घारबाई म्हणाल्या. "एका श्वासात एकच गोष्ट. पुन्हा."

शिंप्याच्या नडग्यांवर निळे डाग पडले, पण तो खूश होता. दुकानात येणारी गिऱ्हाइकं मुद्दाम थांबून हा खेळ बघायची. हळूहळू टकळीची वाक्यं आखूड झाली. "उजवीकडे. दोन पावलं. थांबा." शिंपी एकही स्टूल न पाडता खिडकीपाशी पोचला त्या दिवशी तिघांनी आइसक्रीम खाल्लं.

परीक्षा उत्तम गेली. मुलाखतीच्या दिवशी टकळी केंद्रात येऊन हकिगत सांगणार होती. ती आली नाही. त्या आठवड्याच्या तासालाही आली नाही, पुढच्याही नाही. ताईंनी फोन केला तर आईने उचलला आणि तोडक्यामोडक्या बोलीत 'बरी नाही' एवढं सांगून ठेवून दिला.

घारबाई रिकाम्या खुर्चीसमोर तासभर बसून राहिल्या. मग उठल्या, आणि कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडे गेल्या. इतकी वर्षं त्यांनी ती वस्ती क्रेनवरून रोज बघितली होती; आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पत्ता विचारावा लागला नाही. 'टकळी' म्हणताच एका बाईने हसून हाताला धरून दारापर्यंत पोचवलं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दोरीवर लोकांचे शर्ट ओळीने टांगलेले. आई इस्त्री करत होती. टकळी कोपऱ्यात शर्टांच्या घड्या घालत बसली होती आणि गप्प होती. घारबाई तिच्यासमोर जाऊन बसल्या.

"काय झालं?"

टकळीने मान हलवली. मग घड्या घालता घालता सांगितलं. मुलाखतीत तिघे होते. दोघांनी कामाचं विचारलं. तिसऱ्याने राहायला कुठे ते विचारलं आणि म्हणाला, तिकडची मुलं कामावर टिकत नाहीत.

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, साहेब, टिकत नाहीत की टिकू देत नाहीत? आणि मग... मग मी थांबलेच नाही. केस कापायचं सगळं सांगितलं. केकवाल्या बाईंचं सांगितलं. आजोबांचं पण सांगितलं. ते घड्याळ बघत होते आणि मी बोलतच होते. एका श्वासात शंभर गोष्टी." तिने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "घालवलं मी, मावशी."

आता बोलायला हवं होतं, आणि ते घारबाईंनीच बोलायला हवं होतं. दुसरं कुणी नव्हतं. आईने दिलेला चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"मी क्रेनवर नवी होते," त्या म्हणाल्या. "खालचे लोक मला इशारेच द्यायचे नाहीत."

टकळीच्या आईने इस्त्री उभी केली. तिला शब्द कळले नव्हते, पण ही न बोलणारी बाई बोलतेय हे कळलं होतं. तिने लेकीला काहीतरी विचारलं. टकळीने नाइलाजाने तिला त्यांच्या भाषेत सांगितलं.

"बाईच्या हाताखाली काम नको म्हणून," घारबाई पुढे म्हणाल्या. "मी वर बसायची आणि खाली सगळे पाठ करून उभे. इशाऱ्याशिवाय डबा उचलता येत नाही. माणूस मरेल खाली. साहेब विचारायचे, क्रेन का थांबलीय. मी काही सांगायची नाही. वर डबीत बसून रडायची. वर रडायची एक सोय असते, कुणाला दिसत नाही."

टकळी भाषांतर करत होती. आई काहीतरी म्हणाली. "आई विचारतेय, मग काय केलंत? सोडून दिलंत?"

"सोडणारच होते. खाली उतरलेही. तिथे एक पोऱ्या इशारेवाला होता, नवाच, माझ्यासारखा. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला वरून सगळं दिसतं, फक्त डब्याच्या मागचं दिसत नाही. ते तुला दिसतं. सांगशील का?"

"मग?" हा प्रश्न आईने थेट घारबाईंनाच विचारला. तेवढा शब्द तिला येत होता.

"तो लाजला. मग हात वर केला. त्याला सगळ्यांनी चिडवलं, त्याच्याबरोबर कुणी जेवेना. तरी करत राहिला. महिनाभराने दुसरा एक आला. मग तिसरा." घारबाई जरा थांबल्या. "कंट्रोल रूममधला दादा आहे ना, तोच तो पोऱ्या. तेव्हा पोट नव्हतं."

टकळीने ते पोटाचंही इमानाने आईला सांगितलं आणि आई हसू लपवायला हातातल्या शर्टाची बाही तोंडाशी धरून हसली. कुणा गिऱ्हाइकाचा इस्त्री केलेला शर्ट होता. तिने जीभ चावली. मग टकळीही हसली. मग आईने विचारलं, वर थंडी वाजायची का. भूक लागली की काय करायचात. आणि बाथरूमला जायचं झालं तर? टकळीला सगळे प्रश्न इकडून तिकडे आणि उत्तरं तिकडून इकडे न्यावी लागत होती, आणि नेता नेता तिची जुनी टकळी केव्हा फिरायला लागली ते तिलाही कळलं नाही. घारबाई निघाल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांचा घसा बसला होता.

"अगं, तुझा आवाज कुठे गेला?" घरी शिंप्याने विचारलं.

"खर्च झाला," घारबाई म्हणाल्या. तो आनंदाने भिंतीला टेकला.

निकाल लागला. टकळीची निवड झाली नव्हती. घारबाई ताईंना बरोबर घेऊन गोदीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याकडे गेल्या. रदबदली करायला नाही, नुसतं विचारायला. अधिकारी प्रामाणिक निघाला. परीक्षेत मुलगी वरच्या नंबरात होती, तो म्हणाला, पण मुलाखतीत तिला बोलणं आवरता येईना, आणि वॉकीटॉकीच्या कामात हा दोष चालत नाही. हे घारबाईंना पटलं. मग ताईंनी तिसऱ्या साहेबाच्या त्या वाक्याचा विषय काढला. कालव्यापलीकडची मुलं टिकत नाहीत, असं उमेदवाराला म्हणणं गोदीच्या कुठल्या नियमात बसतं? त्याबद्दल ताई बोलल्या, आणि त्यांना बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती. अधिकारी ओशाळला. असलं पुन्हा कुणालाही विचारलं जाणार नाही, असं त्याने सांगितलं, आणि पुढची भरती सहा महिन्यांनी आहे, हेही.

ते सहा महिने टकळीने वाया घालवले नाहीत. दादाने तिला शनिवारी कंट्रोल रूममध्ये बसून ऐकायची परवानगी मिळवून दिली. नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. तिच्यासाठी ही शिक्षाच होती, पण ती जीभ दाताखाली धरून बसली. शिंपी दर रविवारी ट्रेलर व्हायचा. आता तो उलटा चालायलाही शिकला होता.

दुसऱ्या मुलाखतीला तिघे तेच होते. तिसऱ्या साहेबाने या वेळी वस्तीचं नाव काढलं नाही. त्याने कागद चाळले, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "मागच्या वेळी झालं नाही, तरी पुन्हा आलात. का?"

टकळीच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. तिने श्वास घेतला. "काम आवडतं, साहेब," ती म्हणाली, आणि थांबली. आजवर इतकं अवघड काही केलं नव्हतं, असं तिने नंतर केंद्रात सांगितलं. सांगायला तिला पाऊण तास लागला.

या खेपेला तिचं नाव लागलं. पहिल्या दिवशी आईने तिला कडक इस्त्रीचा शर्ट घालायला देऊन पाठवलं. सगळं काही गोडच झालं असं नाही. एक-दोन ड्रायव्हर तिच्या बोलीची नक्कल करायचे, एकाने तिचं ऐकायचंच नाकारलं. दादाने त्याला बोलावून घेतलं, आणि परत पाठवलं तेव्हा तो शांत झाला होता. बाकीच्यांना तर ही पोरगी लवकरच हवीहवीशी झाली. कारण कामाचं ती आखूड बोलायची, पण दुपारी रांगा ओसरल्या की हळूच विचारायची, जेवलात का सगळे? आणि गोदीभर वॉकीटॉकी खरखरायचे, हो, नाही, तुझं काय?

केंद्राचं वर्ष संपलं तेव्हा ताईंनी घारबाईंना नवा कोण देऊ ते विचारलं. आला तो एक तरुण मुलगा, आणखी एका मूठभर समाजातला. भिंतीकडे बघत बसायचा. तीन भेटींनंतर कळलं की त्याला बायकांचे कोट शिवायचे आहेत, आणि हे सांगितल्यावर घरापासून चौकापर्यंत सगळे हसले होते. घारबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, त्याला घेऊन घरी आल्या आणि शिंप्यापुढे उभं केलं.

शिंपी आधी म्हणाला, छे छे, मला कुठलं जमतंय शिकवायला. मग त्याने मुलाच्या अंगावरचा शर्ट बघितला, काखेतली शिवण बोटाने उलटून बघितली. "कुणी शिवला?"

"मीच," मुलगा भिंतीला म्हणाला.

"बाही चुकलीय. पण कॉलर... कॉलर कशी केलीस रे?"

ताईंनी शिंप्यालाही रीतसर मार्गदर्शक करून घेतलं. शिकवणीच्या दिवशी मनमोकळ्या संवादाचा विषय निघाला आणि तो जो बोलायला लागला, तो जेवणाची सुट्टी झाली तरी थांबेना. शेवटी ताईंनी घारबाईंना फोन करून बोलावून घेतलं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे फक्त बघितलं. तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"आता जेवू या," तो सगळ्यांना म्हणाला. "उरलेलं जेवताना सांगतो."